काकाजींच्या जागा

मला काकाजींचा मत्सर वाटायचा. हे आधीच लिहून टाकतो, कारण माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहिताना सगळेच एकदम मोठ्या मनाचे होतात आणि मला ते जमणार नाही. बावीस वर्षं मी त्यांच्या घरात भाड्याने राहिलो. आधी सायकल आणि पुढे मोटरसायकल त्यांच्या अंगणात लावली, त्यांच्या शेवग्याच्या शेंगा खाल्ल्या, आणि या बावीस वर्षांत त्यांच्यावर मनातून जळलो नाही असे आठवडे फार थोडे गेले.

घरमालकावर भाडेकरू घरासाठी जळत असेल असं कोणाला वाटेल. घरात जळण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या दोन त्यांच्या, मधे अंगण. काकू आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या आणि मुलगा नागपूरकडे नोकरीला होता. मी जळायचो ते पवनीवरून. अख्खं गाव त्यांचं होतं आणि ते मला हवं होतं.

माझं गाव लाखांदूरकडचं, धानाच्या बांध्यांतलं. इतिहास घेऊन एम.ए. केलं आणि पवनीच्या हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा वाटलं, नशिबाने बरोबर ठिकाणी आणून सोडलं. इतिहासाच्या मास्तराला याहून जास्त काय पाहिजे. एकीकडे परकोट आणि खंदक, दुसरीकडे वैनगंगेचे घाट, टेकडीखाली स्तूपाच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या विटा, आणि देवळं तर इतकी की नव्या माणसाला पाया पडता पडता शाळेला उशीर व्हावा. कोष्टीपुऱ्यात विणकर, घाटालगत मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला, मशिदीमागे गाद्या भरणारे चाचा, टेकडीवर दूरदेशाहून येणारे भिक्खू. पाच वर्षांत मी सगळं वाचून काढलं, मोजून काढलं, आणि साठ पानांची एक पुस्तिका लिहून भंडाऱ्याहून छापून आणली. तिच्या बऱ्याचशा प्रती अजून माझ्याच कपाटात आहेत.

एवढं करूनही गावात कोणी पाहुणा उतरला आणि त्याने पानठेल्यावर विचारलं की इथे पाहण्यासारखं काय आहे, तर पानठेलेवाला पानाला चुना लावता लावता सांगायचा, "काकाजीले विचारा." पानठेला माझ्या शाळेच्या फाटकासमोर होता. आत मी बसलेलो असायचो.

काकाजी सातवी शिकलेले. नगरपरिषदेत नळ सोडायचं काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. खांद्याएवढी उंच लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधायची आणि पहाटेपासून एकेका मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह उघडत, बंद करत गावभर फिरायचं. व्हॉल्व्ह उघडला की त्या मोहल्ल्याला पाऊण तास पाणी. त्या पाऊण तासात घरी जाऊन यायला वेळ पुरायचा नाही आणि दुसरं काही करायलाही नाही. मग ते बसायचे. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ त्यांची बसायची एक जागा होती, आणि तीस वर्षं रोज पाऊण-पाऊण तास बसल्यावर त्यांना त्या जागेचं जे कळलं होतं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. माझ्या पुस्तिकेत तर नव्हतंच.

निवृत्त झाल्यावर चावी परत गेली, बसणं सुटलं नाही. काखेत पोत्याचा चौकोनी तुकडा घडी करून असायचा. तो अंथरल्याशिवाय ते कुठेच टेकत नसत, लग्नातल्या सोफ्यावरसुद्धा नाही. आणि प्रत्येक जागेचे नियम असायचे. बसस्टँडजवळच्या हॉटेलात आलुबोंडा खायचा तर तिसऱ्या बाकावर, स्टँडकडे पाठ करून. "स्टँडकडे तोंड केलं का मानूस घाईघाईनं खाते, त्याची गाडी नसली तरी," असं त्यांचं म्हणणं. चाचांच्या गादीच्या दुकानात जायचं ते दिवाळीच्या आधी, नवीन कापूस आला की, आणि दुपारी, कारण तेव्हा चाचा नमाजला जातात आणि दुकानात कापसाशिवाय कोणी नसतं. कोष्टीपुऱ्यात आता दोनच माग उरले आहेत. तर दोन्ही घरांच्या मधल्या बोळात, दोन्हींचा आवाज सारखा येईल अशा एका पायरीवर बसायचं. एक माग थांबला तर दुसऱ्या घरातला म्हातारा हळूच थांबतो आणि पहिला सुरू झाला की मगच सुरू होतो. दोघांचं वीस वर्षांपासून बोलणं बंद आहे, हे त्यांनी मला वर सांगितलं. मी त्या बोळातून शेकडो वेळा गेलो होतो. मला फक्त खटखट ऐकू यायची.

"मास्तर, उभ्यानं गाव दिसत नाई. बसा लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी उभा असलो की ते हमखास म्हणायचे, आणि मी बऱ्याचदा उभा असायचो, कारण माझ्या हातात टेप असायची.

एकदा मी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्यांचा दावा होता की पाण्याच्या चवीवरून मोहल्ला सांगता येतो. मी शाळेतल्या शिपायाकरवी तीन मोहल्ल्यांचं पाणी आणवलं, चौथ्या पेल्यात नागपूरहून येताना उरलेली बाटली ओतली, आणि रविवारी सकाळी त्यांच्यापुढे चार पेले मांडले. त्यांनी शांतपणे एकेक घोट घेतला. "हे मशिदीमागचं. हे कोष्टीपुऱ्यातलं, टाकीच्या पह्यल्या लाइनचं. हे ढिवरपुरा." चौथा घोट घेऊन त्यांनी गुळणी अंगणात टाकली. "हे आपल्या गावचं नोहे. कोनी आनलं हे?" माझी बायको दारात उभी होती, ती पदराने तोंड झाकून हसली. मी चारही पेले उचलून मोरीत नेऊन ठेवले.

बायको मोहाडीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला इथे करमत नव्हतं, हे मला माहीत होतं, पण मी तेव्हा परकोट मोजत होतो. सात वर्षांनी एकदा मी तिला संध्याकाळी शोधत निघालो तर ती घाटावर एका बाजूला, जाळी विणणाऱ्या ढिवरांच्या बायकांत बसलेली सापडली. हातात सुताचा गुंडा होता आणि ती काहीतरी सांगत होती व त्या बायका हसत होत्या. मी विचारलं, तू इथे कशी. तर ती म्हणाली, "काकाजीनं देली मले हे जागा. आल्या आल्याच. मी रडून राह्यली होती तं म्हने, चाल बाई, तुले बसाची जागा दाखवतो."

म्हणजे काकाजी जागा देत असत. मला हे सात वर्षांनी कळलं आणि मग जिथे तिथे दिसायला लागलं. बँकेतल्या रोखपालाला त्यांनी टेकडीमागची, वारा येणारी कडुनिंबाखालची जागा दिली होती. तो डबा खायला तिथे जायचा. बायको गेलेल्या एका शिंप्याला नदीकाठचं एक मोडकं देऊळ दिलं होतं. टेकडीवर आलेल्या एका परदेशी भिक्खूला त्यांनी हाताच्या खुणांनीच कुठली तरी जागा दिली आणि तो भिक्खू तीन दिवस मुक्काम वाढवून राहिला. माणूस पाहायचा, दोन-चार दिवस त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग एके दिवशी म्हणायचं, चाला जी. दिलेल्या जागेवर मग ते स्वतः जात नसत. त्या वेळेला तरी नाहीच.

मला त्यांनी दिली नव्हती. बावीस वर्षांत नाही. मी एकदा हसत हसत विषय काढला होता. म्हटलं, "काकाजी, साऱ्या गावाला जागा वाटता, मग माझी कोणती?"

तेही हसले. "तुमाले जागा कायले पायजे जी? तुमाले तं तारखा आहेत."

बोलणं तेवढंच झालं. अंगणात होतो, ते शेवग्याच्या शेंगा मोडत होते, त्यातल्या चार त्यांनी मला दिल्या. मी त्या घेऊन घरात आलो आणि बायकोला म्हटलं, "आज शेंगा नको करू." तिने केल्या आणि मी खाल्ल्याही, पण ते वाक्य पुढे कित्येक वर्षं माझ्या गळ्यातून खाली उतरलं नाही.

त्यांची स्वतःची म्हणून एक जागा होती. परकोटाचा एक बुरूज अर्धा ढासळलेला आहे. ढासळलेल्या दगडांवरून वर चढलं की सपाट जागा लागते. तिथे एक जुनी चिंच आणि चिंचेखाली एक रुंद दगड. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कौलांची उतरण. मी नवीन असताना त्यांनी मला एकदाच तिथे नेलं होतं. बुरजाच्या खालीच एक व्हॉल्व्ह होता. तो उघडून ते वर येऊन बसत. "अठून पानी चालताना दिसते," म्हणाले. मला काही दिसेना. मग त्यांनी सांगितलं, की आधी पहिल्या घरात पाणी भरायच्या गुंड्यांचा आवाज होतो, मग दुसऱ्या, मग वळणावरच्या, असं पाणी घरोघर पुढे सरकतं. शेवटचं घर उतारावर नाही, चढावर होतं, तिथे पोचेपर्यंत धार बारीक व्हायची. त्या घरातली बाई भरून झालं की रिकामी बादली भिंतीवर पालथी ठेवायची. ती बादली दिसल्याशिवाय काकाजी उठत नसत. पाऊण तासाचा तास व्हायचा, कधी सव्वा. साहेबांची बोलणी बसायची. "पह्यल्या घरच्याले टायमाचा कागद पाहून पानी भेटते. शेवटच्याले कोनी पाहून राह्यला तरच भेटते," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की बुरजाच्या वरच्या थराची दुरुस्ती बरीच नंतरची असावी, दगड वेगळा आहे. ते म्हणाले, "असन." आणि बादलीकडे पाहत राहिले.

पुढे मी एकटा चोरून तिथे जाऊ लागलो. त्यांची वेळ टाळून, दुपारी. पोत्याचा तुकडासुद्धा नेला होता. दगडावर बसलो, नदी पाहिली, कौलं पाहिली. मुंग्या चावल्या. वरच्या फांदीवरच्या बगळ्यांनी शर्ट खराब केला. काकाजींना तिथे जे मिळायचं ते मला मिळेना. चार-पाच वेळा जाऊन पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांना ते फुकटात मिळतं आणि मला एम.ए. करून मिळत नाही, याचा राग यायचा.

आता प्राध्यापकांची गोष्ट. नागपूरहून एक प्राध्यापक सहा विद्यार्थ्यांना घेऊन येणार होते. ते जुन्या गावांवर पुस्तक लिहीत होते. पत्रव्यवहार मी केला, उतरण्याची सोय मी केली, आणि अकरा ठिकाणांची कालक्रमानुसार यादी टाइप करून प्रत्येकाला एकेक प्रत काढून ठेवली. महिनाभर मी त्या दिवसाची वाट पाहत होतो. ऐन वेळी मुख्याध्यापकांचा निरोप आला, परीक्षेचे गठ्ठे आलेत, तासभर येऊन जा. मी काकाजींना म्हटलं, "पाहुण्यांना चहा द्या, मी येतोच. कुठे नेऊ मात्र नका."

"मी कायले नेऊन राह्यलो," ते म्हणाले.

परत आलो तर अंगणात सात रिकामे कप होते. मी यादीतल्या पहिल्या ठिकाणी गेलो, दुसऱ्या ठिकाणी गेलो, टेकडी चढून आलो. शेवटी कोष्टीपुऱ्यात एका घरासमोर गर्दी दिसली. त्या घरातले, माग कधीच बंद केलेले म्हातारे विणकर आदल्या दिवशी वारले होते. अंगणात सतरंजीवर मोहल्ल्यातले लोक बसले होते आणि त्यांच्यात, माना खाली घालून, माझे प्राध्यापक आणि त्यांचे सहा विद्यार्थी. शेजारी पोत्याच्या तुकड्यावर काकाजी.

झालं होतं असं, की त्या अंगणात एक कोरीव खांब आहे. कुठल्या तरी जुन्या देवळाचा असावा. विणकराच्या घराने तो पिढ्यान् पिढ्या ताणा बांधायला वापरला. मला तो ऐकून माहीत होता, पण म्हातारा कोणाला आत येऊ देत नसे. मीच तीनदा दारातून परत आलो होतो. काकाजींना मी नंतर फाडफाड बोललो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मयत झाली म्हनूनच तं नेलं. एरवी त्या आंगनात कोनाले पाय ठेवू देत होता काय थो?"

आणि घरच्यांना वाटलं की नागपूरहून कोणी मोठे साहेब बसायला आले. दुःखाच्या घरी कोणी आलं तर त्याला कोण, कुठले, असं आपल्याकडे विचारत नाहीत. मोठा मुलगा हात जोडून प्राध्यापकांसमोर बसला होता. "बाबाच्या हातचे धोतरं नागपूरले जात होते सायेब. तुमी आठवन ठेवली, एवढ्या दूरून आले. बाबाले बरं वाटलं असन." प्राध्यापक काय सांगणार, की आम्ही खांब पाहायला आलो? त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, की तुमच्या वडिलांच्या हातचं काम फार नाजूक होतं. मग बिनदुधाचा चहा आला आणि तो सगळ्यांनी घेतला. खांबाकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, एक विद्यार्थिनी सोडून. ती रडत होती आणि डोळे पुसायच्या निमित्ताने तिकडे पाहत होती.

बाहेर आल्यावर प्राध्यापकांनी चपला घातल्या. मग मला म्हणाले, "सर, अशी पवनी तुम्ही आम्हाला दाखवली असती का?" माझ्या हातात टाइप केलेल्या सात याद्या होत्या. मी म्हटलं, "चला, उशीर होतोय, अजून दहा ठिकाणं आहेत." खरं म्हणजे अकराच्या अकरा होती.

त्यानंतर दोनेक वर्षांत काकाजींची नजर गेली. काचबिंदू होता. त्यांना वाटायचं ऊनच कमी पडतं आहे. नागपूरला मुलाकडे नेऊन आणलं, पण गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगा म्हणाला, आमच्याकडे राहा, तर हे म्हणाले की तिथलं पाणी मला ओळखू येत नाही. मग परत आले. जेवण आमच्याकडून जायचं. दिवसभर ते अंगणात खाटेवर बसायचे.

लिहिताना लाज वाटते, पण ते आंधळे झाल्यावर मला थोडं बरं वाटलं होतं. एकदम नाही. हळूहळू. संध्याकाळी मी शाळेतून आलो की ते हाक मारायचे, "मास्तर, टेकडीवर कोनी आलं काय? नदी कोठवर आहे? कोष्टीपुऱ्यात दोनी माग चालू आहेत का नाई?" आणि मी सांगायचो. धरणाचं पाणी मागे चढून घाटाच्या कोणत्या पायरीवर आलं, चाचांच्या दुकानात कापूस आला की नाही. ते ऐकायचे आणि मान हलवायचे. पहिल्यांदाच त्यांना माझ्याकडून काही कळत होतं. त्यांचं गाव आता माझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत जात होतं.

रोज शेवटी एक प्रश्न असायचा. "बुरजावरची चिच कशी आहे?" आणि कधी कधी, "एखाद्या दिवशी नेता काय जी मले तठी?" मी म्हणायचो, नेऊ, परीक्षा होऊन जाऊ द्या. परीक्षा झाली की म्हणायचो, ऊन कमी होऊ द्या.

असाच उन्हाळ्याचा शेवट होता. आदल्या रात्री मोठं वादळ होऊन गेलं होतं, विजेचे दोन खांब पडले होते. त्या दिवशी टपालाने प्राध्यापकांचं पुस्तक आलं. मी शाळेतच पाकीट फोडलं. पवनीवर चांगलं मोठं प्रकरण होतं. प्रकरणाच्या आरंभी काकाजींचा फोटो, अंगणात काढलेला, आणि खाली लिहिलेलं, की हे गाव आम्हाला यांनी दाखवलं. माझं नाव मी शोधत गेलो. ते शेवटी आभारांत सापडलं. 'राहण्याजेवणाची उत्तम व्यवस्था केल्याबद्दल.'

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि घरी आलो. पुस्तक आल्याचं मी काकाजींना सांगितलं नाही. ते खाटेवर बसले होते. नेहमीचे प्रश्न झाले. मग त्यांनी विचारलं, "चिच कशी आहे, मास्तर?"

मी म्हटलं, "चिंच पडली, काकाजी."

"कवा?"

"कालच्या वादळात. मुळासकट. दगडही घसरला खाली. आता वर जायला वाट नाही."

चिंच जशीच्या तशी उभी होती. सकाळीच मी शाळेच्या गच्चीवरून पाहिली होती. मला कोणी असं बोलायला लावलं नव्हतं, आणि बोलायला लागल्यावर मला थांबताही आलं नाही.

"अन् बगळे? घोसले होते वरते."

"गेले," मी म्हटलं.

"बरं झालं तुमी सांगतलं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी बुरजाचं नाव काढलं नाही. मला धास्ती होती की दूधवाला, पेपरवाला, कोणीतरी बोलून जाईल, कारण त्यांच्याकडे दिवसभर माणसं यायची आणि एका शब्दात माझं पितळ उघडं पडलं असतं. पण ते कोणाला विचारतच नव्हते. बाकीचे सगळे प्रश्न विचारत, तेवढा एक नाही. संध्याकाळी मात्र खाटेची दिशा बदललेली असायची. बुरजाच्या बाजूला तोंड करून ते बसायचे, चेहरा जरासा वर करून. मला ते पाहवत नसे. पडलेल्या झाडाचं दुःख करताहेत असं मला वाटायचं, आणि झाड तर पडलेलं नव्हतं. मी घरात जाऊन टीव्हीचा आवाज मोठा करायचो. शाळेतून मुद्दाम उशिरा यायला लागलो. नवल म्हणजे मी उशिरा आलो की त्यांचा चेहरा खुललेला दिसायचा. मला वाटायचं, माझं न येणंच त्यांना आवडतं, आणि त्याचंही मला वाईट वाटायचं. कितीदा ठरवलं की सांगून टाकू. कसं सांगायचं, ते सुचलं नाही. बुरजाकडे तर मी फिरकलोच नाही. खोटं बोललो होतो त्या दगडावर जाऊन बसायची हिंमत नव्हती.

आठ महिन्यांनी ते गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. तेरवीला गाव लोटलं. मशिदीमागचे चाचा आले, ढिवरपुरा आला, त्या विणकराचा मुलगा आला, बँकेचा रोखपाल बदली होऊन गोंदियाला गेला होता, तोही आला. पंगती उठता उठता जो तो आपापली जागा सांगत होता, मले अमकी देली, मले तमकी देली. मी वाढत होतो. मला कोणी विचारलं नाही, तुमची कोणती, म्हणून.

सगळं आवरल्यावर मी आणि बायको अंगणात बसलो होतो. खाट उभी करून भिंतीला लावली होती. मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं, की मी काकाजींशी फार वाईट वागलो. चिंच पडली असं खोटं सांगितलं.

ती म्हणाली, "मले माहीत आहे."

"कसं काय?"

"तुमी सांगतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तुमी शाळेत गेले होते तवा, मले म्हने, बाई, मले बुरजावर नेशीन काय. नेलं. चढाले अर्धा तास लागला. वरते गेले अन् चिचेले हात लावून पाह्यला. मंग दगडावर बसले."

"काही म्हणाले?"

"पह्यले तं हासले. मंग मले म्हने, मास्तरनं एकडाव जागा मागतली होती मले, मी थट्टेवर नेली. माहीच चूक झाली. तवापासून त्याच्या मनात असन. आता कोनती पायजे थे त्यानं सांगतलं." तिने पदर सारखा केला. "म्हने, देऊन टाकली. चाल बाई, आता आपल्याले अठी बसता येत नाई. अन् मास्तरले सांगू नको, त्याले लाज वाटन."

मी विचारलं, "त्यानंतर पुन्हा कधी ने म्हणाले नाहीत?"

"मीच म्हटलं होतं एक-दोनदा, चाला काकाजी, जाऊ. संध्याकाळी खाट तिकडे फिरवून मांगत होते नं, म्हून म्हटलं. तं म्हने, नको. मास्तर बसला असन तठी."

आठ महिने रोज संध्याकाळी ते मला त्या चिंचेखाली बसलेलं पाहत होते, आणि आठ महिने त्या दगडावर कोणीच बसलेलं नव्हतं.